गिटारच्या पोटातला इतिहास

आपल्याकडे जुन्या घरातली एखादी वस्तू पाहुण्याला दाखवताना माणूस आवर्जून सांगतो, 'हा पलंग अस्सल शिसवी आहे बरं का!' 'शिसवी' हा एक शब्द उच्चारला, की पलंगाचं वजन वाढतं आणि घराचंही थोडं वाढतं. शिसवी पलंग, सागवानी कपाट, बाभळीचं जू. लाकडाचं नाव घेणं म्हणजे वस्तूचं वय, तिची प्रत आणि ती कुठून आली, हे सगळं एका दमात सांगणं. मी कवी माणूस, माझा संबंध शब्दांशी. त्यामुळे वस्तूला दिलेलं नाव खरं आहे की वरून चिकटवलेलं, हा प्रश्न मला नेहमीच खुणावतो. आज ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, तिच्या बाबतीत हा प्रश्न फारच मोठा होऊन बसला आहे. ती वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. आणि तीही नवी कोरी नाही, तर वापरलेली, या हातातून त्या हातात गेलेली.

अशी गिटार विकायला निघाली, की घेणारा चार प्रश्न विचारतो. कुठल्या कारखान्यातली? कुठल्या साली झाली? लाकूड कुठलं? आणि आतलं सगळं मूळचंच आहे ना? या चार उत्तरांवर तिची किंमत काही हजार रुपये ठरते किंवा काही कोटी. ही उत्तरं शोधता शोधता माणूस अमेरिकेतल्या कारखान्यांत, ब्राझीलच्या जंगलात आणि शेवटी आपल्या सह्याद्रीच्या रानात कसा येऊन पोहोचतो, ते सांगावं म्हणतो.

मुळात या वाद्याला लाकूड हवंच कशाला, इथून सुरुवात करू. तानपुऱ्याचा भोपळा पोकळ असतो आणि त्या पोकळीमुळेच आवाज भरतो. साध्या गिटारचंही तेच. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली, की त्या वेटोळ्यात वीज जागी होते आणि आवाज ध्वनिवर्धकातून येतो. म्हणजे पेटी पोकळ असण्याची गरजच उरली नाही. १९३१-३२च्या सुमारास जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी कॅलिफोर्नियात असा चुंबकी पिकअप लावलेली गिटार बाजारात आणली, ती चक्क अ‍ॅल्युमिनियमची होती. आकार असा, की लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत. तिचं पेटंट १९३७ साली मिळालं. पण रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापायचा, फुगायचा आणि वाद्य बेसूर व्हायचं. लाकूड परत आलं त्यामागे असं साधं कारणही होतं.

लेस पॉल या प्रसिद्ध वादकाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. लहानपणी त्यानं रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर तार ताणून पाहिली होती, असं तो सांगत असे. तार कितीतरी वेळ घुमत राहिली. पण रूळ गळ्यात अडकवून कोण वाजवणार? पुढे १९४०च्या सुमारास त्यानं न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात चार इंच जाडीचा पाइनचा ओंडका घेतला, त्यावर तारा आणि पिकअप बसवले. वाद्य उत्तम वाजलं. लोकांना मात्र ते काही रुचेना. मग त्यानं एक जुनी गिटार मधोमध कापून तिचे दोन अर्धे ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडले. आवाज त्याच ओंडक्याचा, पण आता ती गिटारसारखी दिसू लागली आणि लोकांनी ती स्वीकारली. लोक कानांइतकंच डोळ्यांनीही ऐकतात, हे त्या ओंडक्यानं तेव्हाच सिद्ध केलं. लाकडाच्या नावाला पुढे जी किंमत आली, तिचं मूळ थोडंफार इथं आहे.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच कदाचित तो गिटारकडे यंत्र म्हणून पाहू शकला. सपाट फळीची बॉडी कापायची आणि मान तिला चार स्क्रूंनी जोडायची. बिघडली तर मान बदलायची, विषय संपला. १९५०मध्ये ही गिटार 'ब्रॉडकास्टर' नावानं निघाली. एका ड्रम बनवणाऱ्या कंपनीनं नावाला हरकत घेतली म्हणून १९५१मध्ये तीच 'टेलिकास्टर' झाली. तिची बॉडी अ‍ॅश नावाच्या झाडाची. मान मेपलच्या एकाच तुकड्याची. मानेत पोलादी सळई घालायला मागून खाच पाडत आणि ती अक्रोडाच्या लाकडाच्या पट्टीनं बुजवत. फिकट मेपलवर ही गडद पट्टी उठून दिसते. १९५४मध्ये फेंडरची 'स्ट्रॅटोकास्टर' आली, तीही आधी अ‍ॅशचीच. १९५६च्या मध्यापासून तिच्यासाठी बहुतेक वेळा आल्डर वापरू लागले. अ‍ॅशची छिद्रं मोठी, ती भरून घेतल्याशिवाय रंग गुळगुळीत बसत नाही. आल्डरवर ही मेहनत वाचते. लाकडाची निवड अशी कारखान्याच्या हिशेबातून झाली. त्यात 'नादाचं गूढ' लोकांनी नंतर शोधलं.

दुसरीकडे मिशिगन राज्यातल्या कॅलमझू शहरात गिब्सन ही जुनी कंपनी होती. तिला फळीची गिटार बनवणं हलकं वाटत होतं. पण बाजार बदलला आणि १९५२मध्ये तिनं लेस पॉलच्या नावाची गिटार काढली. मागे महोगनी, वर मेपलचा कोरीव थर, मान महोगनीची आणि स्क्रूऐवजी सरसानं जोडलेली. वरून सोनेरी रंग. १९५८मध्ये सोनेरी रंग जाऊन पारदर्शक लालसर-पिवळं पॉलिश आलं आणि खालच्या मेपलच्या लाटा प्रथमच दिसू लागल्या. त्यातला लाल रंग उन्हानं उडायचा. त्यामुळे आज प्रत्येक गिटारचा रंग निराळा. १९५८ ते १९६० या काळात अशा साधारण दीड हजार गिटार झाल्या. तेव्हा त्यांना फारसा उठाव नव्हता. १९६१मध्ये कंपनीनं आकारच बदलून टाकला. पुढे साठच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या तरुण वादकांनी या नाकारलेल्या गिटार जुन्या बाजारातून उचलल्या, आणि आज त्या जगातल्या सर्वांत महाग गिटारींत मोडतात.

आता प्रत्यक्ष ओळखायचं कसं? वरच्या रंगावर कधीच जाऊ नये. तारा सैल करून पुढचं प्लास्टिकचं पान, म्हणजे पिकगार्ड काढावं. पिकअपच्या आणि बटणांच्या खाचांत रंग पातळ असतो किंवा नसतोच. तिथं लाकूड उघडं पडतं. अ‍ॅश असेल तर ठळक, खरखरीत रेषा दिसतात, बोटाला लागतात. आल्डर फिकट तांबूस, रेषा मवाळ. महोगनी लालसर तपकिरी, तिच्यावर सुईनं टोचल्यासारख्या बारीक, आखूड रेघा. मेपल पांढरट, घट्ट आणि जड. बासवूड इतकं मऊ, की नखाचा वण उमटतो. पॉप्लरमध्ये हिरवट झाक असते. आणि खाचेच्या कडेला एकावर एक पातळ थर दिसले, तर ते प्लायवूड. मग बाहेर कितीही सुंदर रेषा असोत, त्या वरून चिकटवलेल्या पापुद्र्याच्या किंवा छापील असतात.

लाकडानंतर वय. फेंडरची मान स्क्रू काढून वेगळी करता येते. तिच्या टोकावर पेन्सिलीनं लिहिलेली किंवा शिक्क्यानं उमटवलेली तारीख बऱ्याचदा सापडते. मात्र ती मान तयार झाल्याची तारीख असते. संपूर्ण गिटारची नव्हे. आवाजाच्या बटणाखाली जो धातूचा गोल भाग असतो, त्यावर आकडे असतात. समजा, १३७६६१२ असा आकडा आहे. पहिले तीन अंक तो भाग बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९६६ सालातला बारावा आठवडा. पण यातही मेख आहे. त्या वर्षी फेंडर कारखान्यात या भागांचा एवढा मोठा साठा आला, की १९६६चे भाग पुढची दोन-तीन वर्षं नव्या गिटारींत बसत राहिले. हा आकडा एवढंच सांगतो, की गिटार याच्या आधीची असू शकत नाही.

अनुक्रमांकाचंही तसंच. फेंडरचा जुना क्रमांक मानेमागच्या धातूच्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी चार स्क्रू काढले की दुसऱ्या गिटारला बसते. गिब्सननं साठच्या दशकात तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले. १९७७नंतरच्या आठ अंकी क्रमांकात मात्र पहिला आणि पाचवा अंक जोडला, की साल कळतं. आकारही बोलतो. स्ट्रॅटोकास्टरच्या मानेचा शेंडा १९६५च्या अखेरीस मोठा झाला. बोटं फिरतात ती शिसवीची पट्टी १९५९मध्ये आली. आधी ती जाड, सपाट बसवत. १९६२पासून पातळ आणि वक्र. झीज मात्र पुरावा म्हणून धरू नये. १९९५पासून फेंडर कंपनी स्वतःच नव्या गिटार घासून, रंग उडवून, जुन्या दिसतील अशा बनवून विकते. आता जुनेपणही दुकानात विकत मिळतं. एका साक्षीदारावर खटला उभा राहत नाही. लाकूड, तारीख, क्रमांक, आकार, स्क्रूंची भोकं, झाळणं, सगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, तरच ती खरी मानायची.

मध्यंतरी माझ्या पुतण्यानं मुंबईतल्या जुन्या बाजारातून एक गिटार आणली. विकणाऱ्यानं 'महोगनीची आहे' असं सांगितलं होतं. बॉडीवर लाल पॉलिश, मागे 'मेड इन कोरिया'. मोहल्ल्यातल्या सुतार मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आयुष्यात गिटार उघडलेली नव्हती, पण लाकूड उघडण्यात हयात गेली होती. त्यांनी पिकगार्ड काढलं, खाचेत ओलं बोट फिरवलं आणि काही न बोलता पुतण्याला आत पाहायला सांगितलं. 'चाचा, हे तर वेफर बिस्किटासारखं आहे,' तो म्हणाला. पाच थर स्पष्ट मोजता येत होते. पोराचं तोंड उतरलं. मग मिस्त्रींनी मान हातात घेतली, तारांखालची काळपट जांभळी पट्टी उजेडात धरली, कडेला पॉलिशकागदानं जरा घासलं आणि वास घेतला. म्हणाले, 'बाकी काही असो बेटा, ही पट्टी शिसव आहे. आपली शिसव.' पुतण्यानं गिटार परत केली नाही. तो अजून तीच वाजवतो आणि बरी वाजवतो.

इथं एक सांगायला हवं. प्लायवूड किंवा स्वस्त लाकूड असणं हा काही गुन्हा नाही. अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो कंपनीनं पन्नासच्या दशकात लाकडी चौकटीवर मॅसोनाइटचे, म्हणजे लाकडाच्या तंतूंचे दाबलेले पत्रे ठोकून गिटार बनवल्या. पिकअपला लिपस्टिकच्या नळ्या वापरल्या. त्या सिअर्सच्या दुकानांतून गरीब घरच्या मुलांपर्यंत पोहोचल्या. कित्येकांनी पहिला सूर त्यांवरच काढला आणि आज त्याही हौसेनं जमवल्या जातात. साठच्या दशकात जपानी कारखान्यांनी स्वस्त गिटारींचा पूर आणला. सत्तरच्या दशकात तिथल्या नकला इतक्या चांगल्या होऊ लागल्या, की १९७७मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं मानेच्या शेंड्याच्या आकारावरून अमेरिकेत दावा लावला. तो पुढे तडजोडीनं मिटला. विद्युत पिकअपच्या वाद्यात बॉडीच्या लाकडाचा नादावर नेमका किती परिणाम होतो, यावर वादकांत अजूनही कडाक्याचं भांडण आहे. पिकअप, तारा आणि वाजवणाऱ्याची बोटं यांचा वाटा मोठा, हे मात्र कोणी नाकारत नाही. खोटेपणा स्वस्त लाकडात नसतो. स्वस्त लाकडाला महाग लाकडाचं नाव देण्यात असतो.

जुनी गिटार उघडली, की लाकडाइतकीच माणसंही बाहेर पडतात. फेंडरच्या पन्नासच्या दशकातल्या मानांवर पेन्सिलीनं 'टी. जी.' अशी आद्याक्षरं सापडतात. ती तादेओ गोमेझ या कामगाराची. त्यानं घासून आकार दिलेल्या माना आज वादक शोधत फिरतात. १९५४च्या काही स्ट्रॅटोकास्टरच्या पोटात कागदी चिकटपट्टीचा तुकडा असतो आणि त्यावर 'मेरी' किंवा 'ग्लोरिया' असं नाव. आतल्या तारा जोडणाऱ्या बायकांची ती सही. अ‍ॅबिगेल यबारा ही बाई १९५६मध्ये फेंडरमध्ये लागली. पिकअपवर केसाएवढी तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळणं हे तिचं काम. २०१३मध्ये ती निवृत्त झाली, तोवर तिच्या हातचे पिकअप वेगळे मागून घेतले जात होते. पोस्टरवर ज्यांची चित्रं लागली, त्या वादकांची नावं जगाला पाठ आहेत. या नावांसाठी मात्र स्क्रूड्रायव्हर लागतो.

आणि जंगल? पन्नास-साठच्या दशकातल्या चांगल्या गिटारींवरची पट्टी ब्राझीलच्या शिसवीची असे. शास्त्रीय नाव डाल्बर्जिया नायग्रा. चॉकलेटी रंग, काळ्या वेड्यावाकड्या रेघा, घासलं की गोड वास. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरचं जंगल तुटत गेलं आणि हे झाड दुर्मीळ झालं. १९९२मध्ये वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला. म्हणजे त्याचा व्यापार जवळपास बंद. त्या लाकडाची जुनी गिटारसुद्धा परवान्याच्या कागदांशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या महोगनीवरही २००३पासून निर्बंध आले.

ब्राझीलची जागा घेतली भारतानं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून गिटारींवर डाल्बर्जिया लॅटिफोलिया दिसू लागली. ही आपली शिसव, सह्याद्रीच्या आणि दक्षिणेतल्या रानांतली. तिचा रंग जांभळट, रेघा सरळ, एकसारख्या. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही शिसवी वेगळ्या ओळखणं जाणकारालाही जड जातं. खात्रीसाठी लाकडाचा सूक्ष्मदर्शकाखाली तपास करावा लागतो. एका पट्टीच्या नावावर किंमतही बदलते आणि कायदाही बदलतो. म्हणून तर त्या नावाशी इतका खेळ चालतो.

हा खेळ न्यायालयाच्या दारापर्यंत गेला आहे. अमेरिकेत लेसी कायदा १९०० सालापासून आहे. २००८मध्ये तो लाकडालाही लागू झाला. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून तोडलेलं किंवा पाठवलेलं लाकूड अमेरिकेत आणणं गुन्हा ठरला. २००९मध्ये मादागास्करच्या आबनुसावरून आणि २०११मध्ये भारतातून आलेल्या शिसव-आबनुसाच्या पट्ट्यांवरून गिब्सनच्या कारखान्यांवर छापे पडले. भारतातून कोणत्या स्वरूपातलं लाकूड निर्यात करता येतं, तयार पट्टी म्हणजे 'कापीव लाकूड' की 'वाद्याचा भाग', असा तो पेच होता. २०१२मध्ये तडजोड झाली. मादागास्करच्या लाकडाबद्दल कंपनीनं ३ लाख डॉलर दंड भरला. भारतीय पट्ट्यांबाबत आपल्या नियमांच्या अर्थाविषयीच संदिग्धता आहे, हे मान्य करून तो माल परत करण्यात आला. शब्दाचा अर्थ लावण्यावर लाकडाचं भवितव्य ठरलं, हे माझ्यासारख्याला विसरता येत नाही.

पुढे २ जानेवारी २०१७ला बाकीच्या सगळ्याच डाल्बर्जिया झाडांना साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घातलं गेलं. गिटार घेऊन परदेशी विकायला निघालेल्यांची, दुरुस्ती करणाऱ्यांची धांदल उडाली. नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र ती नाही. झाडांवरची संकटं काही कुऱ्हाडीचीच असतात असं नाही. २००२मध्ये मिशिगनमध्ये एक हिरवा चमकदार भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या अ‍ॅशच्या सालीखाली बोगदे पाडतात आणि झाड मरतं. त्यातच मिसिसिपी खोऱ्यातल्या पुरांनी पाणथळीतल्या अ‍ॅशची तोड अवघड झाली. २०२०मध्ये फेंडरनं जाहीर केलं, की नेहमीच्या उत्पादनातून हे लाकूड कमी करत नेणार. ज्या लाकडापासून सत्तर वर्षांपूर्वी सुरुवात झाली, तेच हाती लागेनासं झालं.

मुंबईच्या चित्रपट संगीतानं इलेक्ट्रिक गिटारला कधीच आपलंसं केलं. व्हॅन शिपले, हजारा सिंग, भूपिंदर सिंग यांच्या तारा आपल्या कानांत बसल्या आहेत. ते वाद्य परकं आहे असं म्हणायची आता सोय नाही. त्यात एक गोष्ट तर मुळातच आपली आहे. आपल्या रानातली शिसव सातासमुद्रापार जाते, तिथं तिची पट्टी होते, आणि गिटार होऊन ती पुन्हा इथल्या दुकानात येते. विकणारा सांगतो, 'इंपोर्टेड आहे.'

शिसवीचं झाड सावकाश वाढतं. एका पिढीनं लावावं आणि तिसरीनं तोडावं, अशी त्याची चाल. गिटारची पट्टी मात्र काही मिनिटांत कापून होते. म्हणून जुनी गिटार नीट ओळखणं, दुरुस्त करणं आणि वाजती ठेवणं याला मी नुसता शौक मानत नाही. वाजती राहिलेली प्रत्येक गिटार एका नव्या पट्टीची मागणी कमी करते. घ्यायला जाल तेव्हा मनाजोगा सूर निघतो का, हे आधी पाहा. मग विकणाऱ्याला लाकडाचं नाव विचारा. त्यानं सांगितलेलं ऐकून घ्या, आणि त्याच्यासमोरच पिकगार्डचे स्क्रू काढायची परवानगी मागा. खरं सांगणारा माणूस स्वतःहून स्क्रूड्रायव्हर काढून देतो.